ओटीपी बरोबर, पण विद्यार्थी कोण?

न्यू पनवेलला लागून असलेल्या विचुंब्यासारख्या गावात आता शेतापेक्षा इमारती जास्त दिसतात. इथला कमावता माणूस सकाळीच तळोजा एमआयडीसीकडे, न्हावाशेवा बंदराकडे किंवा लोकलने मुंबईकडे निघतो. शाळेच्या ॲपवर, कॉलेजच्या पोर्टलवर आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर घरातला एकच मोबाइल क्रमांक नोंदलेला असतो आणि बहुतेक वेळा तो वडिलांचा असतो. मुलीची ऑनलाइन चाचणी अकरा वाजता असते. ती लॉगिन करते आणि ओटीपी जातो कारखान्यात पाळीवर असलेल्या वडिलांच्या खिशात. ती फोन करते, वडील चष्मा शोधून सहा आकडे वाचून दाखवतात आणि चाचणी सुरू होते.

यात कुणीही लबाडी केलेली नाही. तरी दोन गोष्टी घडल्या आहेत. संगणकाच्या नोंदीत ‘ओळख पटली’ असे लिहिले गेले, पण चाचणी देणारी तीच मुलगी आहे की तिची मावसबहीण, हे त्या सहा आकड्यांतून मुळीच कळलेले नाही. दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. ओटीपी कोणालाही फोनवर सांगू नका, असे सायबर पोलीस आणि बँका घसा कोरडा करून सांगतात. आणि शिक्षणव्यवस्था मात्र त्याच घराला ओटीपी फोनवर वाचून दाखवायचा सराव देते. उद्या ‘शिष्यवृत्ती विभागातून बोलतोय’ असा फोन आला, तर त्या घराची सवय कोणत्या बाजूला झुकेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

माणसाची ओळख पटवण्याचे संगणकाकडे मुळात तीनच मार्ग आहेत: त्याला काय माहीत आहे (पासवर्ड), त्याच्याजवळ काय आहे (मोबाइल, कार्ड) आणि त्याचे शरीर कसे आहे (ठसा, चेहरा, बुबुळ). पहिल्या मार्गाचा इतिहास विद्यापीठातच सुरू होतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६१च्या सुमारास एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची सोय झाली आणि प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे ठरलेले तास पुरेनात, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली आणि इतरांच्या खात्यातून काम केले. पासवर्ड विद्यापीठात रुजला आणि विद्यापीठातच फुटला.

साठ वर्षांनंतर आपल्याकडे काय स्थिती आहे? अनेक शाळा-कॉलेजांच्या पोर्टलवर पहिला पासवर्ड म्हणजे जन्मतारीख आणि वापरकर्त्याचे नाव म्हणजे हजेरी क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक. नववीच्या वर्गातली बहुतेक मुले साधारण दीड-दोन वर्षांच्या आत जन्मलेली असतात. म्हणजे अंदाज करायला उरल्या जास्तीत जास्त सातशे-साडेसातशे तारखा. वर्गातल्या एखाद्या खट्याळ मुलाचे एका दुपारचे काम. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात, त्यामुळे तेवढीही मेहनत नको.

यावर ‘पासवर्ड अवघड करा, ओटीपी जोडा’ असे उत्तर मिळते. बँकेसाठी ते योग्यच आहे. बँकेत खात्याचा मालक आणि खात्याचा राखणदार एकच असतो. पैसे त्याचे, म्हणून गुपित जपण्यात त्याचे हित. ऑनलाइन परीक्षेत मात्र ज्याच्या ओळखीवर पहारा बसवला आहे तोच कधी कधी किल्ली दुसऱ्याच्या हातात देतो. पासवर्ड तोच सांगतो, ओटीपी तोच पुढे पाठवतो. बँकेची सारी सुरक्षा चोर बाहेरचा आहे या गृहीतकावर उभी आहे. परीक्षेतला तोतया यजमानाच्या संमतीने आत येतो. हा फरक लक्षात न घेता बँकेचे कुलूप परीक्षेला लावले जाते आणि मग ते उघडते कसे याचे आश्चर्य वाटते.

मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येणाऱ्या रायगड जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना २०२०चा ऑक्टोबर आठवत असेल. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला होता. करोनाच्या साथीत त्या ऑनलाइन घेण्याची तयारी जेमतेम महिनाभरात झाली. विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेच्या, म्हणजे आयडॉलच्या विद्यार्थ्यांना ६ ऑक्टोबरला लॉगिनच होईना. सायबर हल्ला झाल्याचे विद्यापीठाने सांगितले, पोलिसांकडे तक्रार गेली आणि पेपर पुढे ढकलावे लागले. आयडॉलचा विद्यार्थी बहुधा नोकरी सांभाळून शिकणारा. एका पेपरसाठी रजा टाकलेली, घरातल्यांना गप्प बसवलेले, मोबाइलचा डेटा भरलेला, आणि पडद्यावर चाक फिरत राहिलेले. ओळखपडताळणीच्या चर्चेत ही बाजू हटकून मागे पडते. खोट्याला बाहेर ठेवणे हे दाराचे अर्धे काम आहे, खऱ्याला वेळेवर आत घेणे हे उरलेले अर्धे.

साथीच्या काळातच ऑनलाइन परीक्षेत कॅमेरा आला. विद्यार्थ्याचा चेहरा ओळखपत्राशी ताडून पाहणे, परीक्षाभर त्याच्या नजरेवर, मानेच्या हालचालीवर आणि खोलीतल्या आवाजावर लक्ष ठेवणे आणि काही वावगे वाटल्यास खूण करणे हे काम संगणकाकडे गेले. हे यंत्र किती चांगले, हा प्रश्न वैद्यकाला अजिबात नवा नाही. रक्ताची चाचणी किती चांगली, हे ठरवताना जे दोन प्रश्न विचारतात तेच इथे लागू पडतात. आजारी माणसांपैकी किती जण चाचणीने पकडले? आणि निरोगी माणसांपैकी किती जणांना तिने उगाच आजारी ठरवले?

समजा, एका परीक्षेला १०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांतले दोन टक्के, म्हणजे २००, गैरप्रकार करणारे आहेत. यंत्र चांगले आहे असे धरू: १०० लबाडांपैकी ९० पकडते आणि १०० प्रामाणिकांपैकी फक्त पाच जणांवर चुकीची खूण करते. हिशेब असा होतो: २०० पैकी १८० सापडले. उरलेल्या ९,८०० प्रामाणिक विद्यार्थ्यांपैकी ४९० जणांवरही खूण झाली. एकूण ६७० संशयित, त्यात खरे दोषी १८०. म्हणजे खूण झालेल्या चार विद्यार्थ्यांमागे जवळपास तिघे निर्दोष. यंत्र बिघडलेले नाही, हा आकडेशास्त्राचा साधा नियम आहे: जी गोष्ट मुळात कमी प्रमाणात आढळते तिची सरसकट चाचणी केली की खोट्या घंटा जास्त वाजतात. म्हणूनच लक्षणे नसलेल्या प्रत्येकाची प्रत्येक तपासणी करू नये, असे डॉक्टर सांगतात, आणि चाळणी चाचणीत कुणी सापडला तरी दुसऱ्या खात्रीच्या चाचणीशिवाय उपचार सुरू करत नाहीत. परीक्षा विभागात ही दुसरी चाचणी म्हणजे एखाद्या माणसाने ते चित्रीकरण शांतपणे पाहणे आणि विद्यार्थ्याचे ऐकून घेणे. ते न करता ‘सिस्टीमने पकडले’ म्हणून निकाल राखून ठेवणे, याला वैद्यकात निष्काळजीपणा म्हणतात.

शिवाय वरच्या उदाहरणातले यंत्र उदारपणे चांगले मानले आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एका प्रसिद्ध पहारा-सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली. ३० स्वयंसेवक विद्यार्थी होते आणि त्यांतल्या सहा जणांना मुद्दाम कॉपी करायला सांगितले होते. सॉफ्टवेअरने त्या सहांपैकी एकालाही पकडले नाही. प्रयोग लहान होता, हे खरे. पण विकत घेण्यापूर्वी असा लहानसा प्रयोग आपल्याकडच्या किती विद्यापीठांनी करून पाहिला, हा प्रश्न निविदा उघडण्याआधी विचारायला हवा.

शरीराकडे पाहिले तर अडचणी वाढतात. अवघड प्रश्नाचे उत्तर आठवताना माणूस समोरून नजर काढून वर किंवा बाजूला पाहतो. डोळ्यांपुढची माहिती कमी झाली की मेंदूला विचार करायला मोकळीक मिळते. हे लहान मुलांतही दिसते आणि प्रौढांतही. यंत्राला मात्र ती नजर संशयास्पद वाटते, म्हणजे जो खरोखर विचार करतो त्याच्यावरच खूण होण्याची शक्यता. तिरळेपणा, बुबुळे सतत हलण्याचा विकार, अतिचंचलता, अंगाला झटके येण्याची सवय असलेली मुले. टाइप १ मधुमेहामुळे वारंवार लघवीला उठावे लागणारा विद्यार्थी. बाळाला पाजण्यासाठी उठणारी आई. यांतले कुणीही लबाड नाही, पण ‘नेहमीच्या’ वागण्याच्या चौकटीत ते बसत नाहीत.

बोटांच्या ठशांचेही तसेच. भट्टीवर, शेतात, बांधकामावर किंवा धुण्याभांड्यांवर झिजलेल्या हातांच्या रेषा पुसट होतात. वयोमानाने होतात, इसबानेही होतात. रेशन दुकानाच्या रांगेत हे रोज दिसते. कॅपेसिटाबिन हे कर्करोगावरचे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या तळहाताची कातडी इतकी सोलवटते की ठसे उमटत नाहीत. सिंगापूरच्या अशा एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर अडवून ठेवल्याची नोंद २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. खऱ्या बोटाला नाकारणारे यंत्र खोट्या बोटाला मात्र भुलू शकते. जपानचे त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ मध्ये जिलेटिनच्या बोटांनी ११ ठसा-यंत्रांना फसवून दाखवले होते. त्यानंतर यंत्रे सुधारली, फसवणारेही सुधारले.

चेहरा हा आता सगळ्यांचा आवडता उपाय आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांच्या हजेरीसाठी १ मे २०२५ पासून आधारशी जोडलेली चेहरापडताळणी आणली, सोबत मोबाइलचे ठिकाणही. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही वारा त्याच दिशेने वाहतो आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१९ मध्ये अनेक कंपन्यांच्या चेहरापडताळणीची तपासणी केली. त्यातल्या बऱ्याच प्रणालींत, दोन वेगळ्या व्यक्तींना एकच समजण्याची चूक गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा आशियाई व आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांत १० ते १०० पट अधिक आढळली. सगळ्याच प्रणाली अशा नव्हत्या, काही फारच अचूक निघाल्या. म्हणून कोणती घेतली आणि आपल्याकडच्या चेहऱ्यांवर, आपल्याकडच्या अंधाऱ्या खोल्यांत, सात-आठ हजारांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर ती तपासली का, हे महत्त्वाचे. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा वाद मराठी माणसाला तसा जुनाच आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हाही त्याला पाहून ‘हेच भाऊ’ म्हणणारे कमी नव्हते. तो निकालात निघायला १७७६ साल उजाडले.

आणि समजा चेहरा अचूक ओळखला, तरी? सप्टेंबर २०२१ मध्ये सीबीआयने जेईई मेन परीक्षेतल्या गैरप्रकाराचा गुन्हा नोंदवून पुण्यासह अनेक ठिकाणी छापे घातले. आरोप असा की, विद्यार्थी खरा, परीक्षा केंद्र खरे, संगणकही केंद्रातलाच. फक्त तो संगणक दूर बसलेला दुसराच माणूस चालवत होता. दारावर ओळख शंभर टक्के पटली होती.

ओळखीसाठी जे जे गोळा करावे, ते कुठेतरी साठवावे लागते. साठवले की सांडते. युनॲकॅडमी या शिकवणी कंपनीच्या सुमारे २.२ कोटी वापरकर्त्यांची माहिती विक्रीला आल्याचे मे २०२० मध्ये एका सायबर सुरक्षा कंपनीने उघड केले. युनॲकॅडमीने मात्र बाधितांचा आकडा १.१ कोटींच्या आसपास असल्याचे सांगितले. त्याच वर्षी परीक्षेवर पहारा ठेवणाऱ्या प्रॉक्टरयू या परदेशी कंपनीच्या चार लाखांहून अधिक नोंदी बाहेर पडल्या; पहारेकऱ्याच्याच घरी चोरी. आणि बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड स्कॅन करून मुले ज्या दीक्षा ॲपवर जात, त्या सरकारी ॲपच्या साठ्यातली सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची आणि दहा लाखांहून अधिक शिक्षकांची माहिती उघड्या सर्व्हरवर पडून असल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जगासमोर आले. कुणी कुलूप फोडले नव्हते, ते लावलेच नव्हते.

चांगल्या व्यवस्थेत पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत, तो गणिती जात्यात दळून ठेवतात. पिठापासून पुन्हा गहू करता येत नाही, तसा त्या नोंदीवरून मूळ पासवर्ड सहज काढता येत नाही. आणि फुटलाच तर नवा घेता येतो. चेहऱ्याचे काय? चौदाव्या वर्षी फुटलेली चेहऱ्याची नोंद चाळिसाव्या वर्षीही त्याच माणसाची असते. शरीराची माहिती गोळा करताना डॉक्टरला संमती घ्यावी लागते, तिचे कारण नोंदवावे लागते, ती बाहेर सांगता येत नाही. एखाद्या वीस गुणांच्या चाचणीसाठी मुलांचे चेहरे साठवणाऱ्या ॲपकडून त्याहून कमी अपेक्षा का ठेवावी?

कायदा आता दाराशी आला आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; त्यांतल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागेल, आणि सुरक्षेत हलगर्जी झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पण शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी लक्ष ठेवण्यापुरती सूट दिली आहे. सूट समजण्यासारखी आहे, हजेरीसाठी रोज संमतीपत्र कोण गोळा करणार? तरी ‘शैक्षणिक काम’ या दोन शब्दांत घरातल्या खोलीचे चित्रीकरण बसते का, हा वाद होणार आहे. अमेरिकेत ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठाने परीक्षेआधी विद्यार्थ्याला कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावले, तेव्हा ती बेकायदा झडती ठरवणारा निकाल तिथल्या न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिला. दहा बाय बाराच्या खोलीत आजी झोपली आहे, दोरीवर कपडे वाळत आहेत आणि परीक्षा चालू आहे, अशा घरांना तो प्रश्न जास्तच लागू आहे.

मग तोतयाला मोकळे रान द्यायचे का? नाही. शिकणे कुठेही होऊ द्यावे आणि प्रमाणपत्राची परीक्षा मात्र माणसाच्या समोर घ्यावी. सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावरच्या एनपीटीईएल अभ्यासक्रमांत हेच केले जाते: व्याख्याने आणि गृहपाठ घरी, प्रमाणपत्रासाठी परीक्षा केंद्रावर. घरच्या गृहपाठाला साधारण २५ टक्के आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ टक्के वजन आहे, त्यामुळे गृहपाठ कुणाकडून करून घेतला तरी फारसा लाभ नाही. विचुंब्याच्या विद्यार्थ्याला यासाठी पनवेल किंवा नवी मुंबईपर्यंत जावे लागले, तर तो त्रास कॅमेऱ्यापुढे मान न हलवता बसण्यापेक्षा कमीच आहे. दुर्गम भागात मात्र हे केंद्र जवळ आणणे ही संस्थेची जबाबदारी.

दुसरा उपाय वैद्यकीय शिक्षणात पूर्वीपासून आहे: तोंडी परीक्षा. लिहून आणलेले उत्तर कुणाचे, हे दोन प्रश्नांत कळते. ‘हे औषध का दिलेस? मूत्रपिंड बिघडले असते तर?’ यावर तोतयाने लिहिलेला निबंध उपयोगी पडत नाही. दहा मिनिटांची अशी भेट व्हिडिओवरही घेता येते. तिला शिक्षकाचा वेळ लागतो आणि रिकाम्या पदांच्या महाविद्यालयात तोच नसतो. सॉफ्टवेअर विकत घेणे सोपे पडते त्याचे एक कारण हे आहे.

ज्यांचे शिक्षण थेट दुसऱ्याच्या जिवाशी जोडलेले आहे, त्यांना तर यातून सूट असू नये. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात आणि साथीपासून त्यांतले बरेच ऑनलाइन मिळू लागले. पडद्यावर नाव हजर, आवाज बंद आणि माणूस ओपीडीत, हे दृश्य या व्यवसायातल्या कुणालाही परके नाही. इथे पासवर्ड चोरलेला नाही, चेहराही खरा आहे. शिकणे तेवढे झालेले नाही. कृत्रिम श्वसनयंत्र हाताळण्याचे प्रमाणपत्र व्हिडिओ पाहून मिळाले असेल, तर ते यंत्र प्रत्यक्ष लावून दाखवायला सांगणे हीच पडताळणी.

शाळांच्या रोजच्या चाचण्यांना यांतले काहीच नको. जिथे निकालावर काही अवलंबून नाही तिथे कॅमेरा, ठसा, आधार मागूच नये. मुलाने चुकावे, पुन्हा सोडवावे. लॉगिनसाठी वडिलांच्या फोनवर ओटीपी पाठवण्याऐवजी शाळेने वर्गात प्रत्येक मुलाच्या हातात त्याचा पिन द्यावा, जन्मतारखेचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलून घ्यावा आणि नवा ठेवताना लांबीवर भर द्यावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द सलग लिहिले तर मुलाला आठवतात आणि यंत्राला सहजी सापडत नाहीत. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये सोडून दिली, कारण लोक शेवटी फक्त एक आकडा वाढवत. पालकसभेत शुल्कावर तासभर बोलणे होते. मुलाचा फोटो कोणत्या ॲपकडे जातो, तिथे किती दिवस राहतो आणि शाळा सोडल्यावर तो कोण पुसतो, हे त्याच सभेत मुख्याध्यापकांना विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.